घोरण्यापासून गुणपत्रिकेपर्यंत

लहान मूल घोरू लागले की घरातली मोठी माणसे कौतुकाने हसतात. 'अगदी आजोबांवर गेलाय' असे कोणी म्हणते, तर कोणी 'दिवसभर हुंदडतो, बघा कसा गाढ झोपलाय' म्हणून त्याच्या अंगावरचे पांघरूण सारखे करते. तेच मूल दुसऱ्या दिवशी वर्गात सारखी चुळबूळ करते, फळ्यावरचे अर्धेच उतरवून घेते, आणि शिक्षक त्याच्या वहीवर 'लक्ष नाही' असा शेरा मारतात. घरातल्या कौतुकाचा आणि शाळेतल्या शेऱ्याचा काही संबंध असू शकेल, हे वर्षानुवर्षे कोणाच्या मनातही येत नव्हते.

अलीकडे ते येऊ लागले आहे आणि हे चांगलेच झाले. परंतु वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून ही गोष्ट सांगितली जाते ती अशी : घोरणारी मुले अभ्यासात मागे पडतात, टॉन्सिल काढले की त्यांचे गुण वाढतात. एका शिक्षक-प्रशिक्षण शिबिरात एका बाईंनी आम्हाला सरळच विचारले, "माझ्या वर्गात असा एक मुलगा आहे. ऑपरेशन करून घ्या असं त्याच्या आईला सांगू का?" आम्ही तेव्हा 'डॉक्टरांना दाखवायला सांगा' एवढेच म्हणालो. उत्तर चुकीचे नव्हते, पण अर्धे होते. गुण वाढतात हे म्हणणे कशावर उभे आहे, आणि असे मूल ओळखण्याची जी साधने आपल्याला सुचवली जातात ती कितपत भरवशाची आहेत, हे तपासून पाहायला हवे होते. ते येथे करू.

आधी थोडे यंत्रणेविषयी. नाकातोंडातून आत गेलेली हवा घशाच्या ज्या भागातून खाली उतरते त्या भागाला हाडाचा वा कूर्चेचा पक्का आधार नाही. जागेपणी तेथील स्नायू ताठ राहून वाट उघडी ठेवतात. झोपेत ते सैलावतात. कागदाची स्ट्रॉ भिजल्यावर तिच्यातून सरबत जोरात ओढले तर ती मध्येच चपटी होते. तसेच काहीसे येथे घडते. वाट मुळात अरुंद असेल तर हवा आत ओढण्यासाठी जास्त जोर लावावा लागतो, आणि जितका जोर जास्त तितक्या भिंती आत ओढल्या जातात. मुलांमध्ये ही वाट अरुंद करतात ते मुख्यतः घशाच्या दोन्ही बाजूंचे टॉन्सिल आणि नाकाच्या मागे लपलेली ॲडेनॉइडची गाठ. साधारण तीन ते सहा-सात या वयात आजूबाजूच्या जागेच्या मानाने हे अवयव सर्वांत मोठे असतात. अडथळा थोडा असेल तर नुसते घोरणे, वाढला की श्वास उथळ होणे, आणि पुरता झाला की छाती हलते आहे पण हवा आत जात नाही अशी अवस्था. या सगळ्या पट्ट्याला मिळून 'झोपेतील श्वसनविकार' म्हणतात. त्याच्या गंभीर टोकाला 'स्लीप ॲप्निया', म्हणजे झोपेत श्वास वारंवार अडणे, असे नाव आहे. रोज घोरणारी मुले बहुतेक पाहण्यांत दहांत एकाच्या आसपास आढळतात. खरा स्लीप ॲप्निया असलेली शंभरांत एक ते पाच.

मोठ्या माणसाची मोजपट्टी येथे चालत नाही. प्रौढाचा श्वास दहा सेकंद थांबला तर ती घटना धरतात आणि तासाला पाच घटनांपर्यंत फारसे कोणी काळजी करीत नाही. मुलांमध्ये दोन श्वासांएवढा खंडही मोजला जातो, आणि तासाला एकाहून अधिक घटना हे नेहमीचे मानले जात नाही. दुसरा फरक शिक्षकांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा. हा विकार असलेला प्रौढ दिवसा पेंगतो. मूल पेंगेलच असे नाही. ते पुष्कळदा उलट जास्त धावते, चिडते, एका जागी बसत नाही. पेंगणाऱ्या पोराला वर्गात कुंभकर्ण म्हणून सगळे ओळखतात. हे मूल मात्र वात्रट म्हणून ओळखले जाते.

या रोगाचे जे चित्र लोकांच्या आणि काही काळ डॉक्टरांच्याही मनात होते, त्याने गोंधळात भरच घातली. चार्ल्स डिकन्सच्या १८३६-३७ मध्ये क्रमशः आलेल्या 'पिकविक पेपर्स'मध्ये जो नावाचा एक लठ्ठ पोरगा आहे. तो काम करता करता, उभ्या उभ्यासुद्धा झोपतो. १९५६ साली बरवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिस्थूल माणसांतील श्वसनाच्या एका विकाराला या कादंबरीवरून 'पिकविकियन' हे नाव दिले. त्यांचा रुग्ण पन्नाशी ओलांडलेला एक व्यावसायिक होता; पत्ते खेळताना हातात तीन एक्के आणि दोन राजे असा उत्तम डाव येऊनही तो झोपी गेला, म्हणून अखेर इस्पितळात दाखल झाला! गोष्ट मजेदार असल्याने लक्षात राहिली, आणि तिच्याबरोबर 'घोरणारा म्हणजे लठ्ठ आणि झोपाळू' हे समीकरणही राहिले. लठ्ठपणाने धोका वाढतो हे खरेच आहे. पण मोठ्या टॉन्सिलचे मूल पुष्कळदा काडीसारखे असते. रात्रभर श्वासासाठी झगडण्यात त्याची शक्ती जाते आणि वजन वाढत नाही.

वास्तविक याहून अचूक वर्णन फार पूर्वी झाले होते. १८८९ मध्ये विल्यम हिल या इंग्रज डॉक्टरने 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये शाळेत मागे पडणाऱ्या मुलांविषयी लिहिले. वर्गात मंद दिसणारे, डोके दुखते म्हणणारे, तोंडाने श्वास घेणारे, रात्री घोरणारे आणि अस्वस्थ झोपणारे मूल त्याने नेमके टिपले होते. नाकाच्या मागचा अडथळा दूर केल्यावर अशी काही मुले सुधारतात, असेही त्याचे म्हणणे होते. म्हणजे आजच्या पुरवणीतला मजकूर १८८९ मध्येच तयार होता. निरीक्षण उत्तम होते. प्रश्न पुढच्या पायरीचा होता : अशी मुले निवडायची कशी?

विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात ती निवड घशात डोकावून होत असे, आणि तिचा जो अनुभव आला तो सविस्तर सांगण्यासारखा आहे. १९३४ मध्ये अमेरिकन चाइल्ड हेल्थ असोसिएशनने न्यूयॉर्कच्या शाळांतील अकरा वर्षांची १००० मुले तपासली. त्यांपैकी ६११ मुलांचे टॉन्सिल आधीच काढलेले होते. उरलेली ३८९ मुले शाळेच्या डॉक्टरांनी पाहिली आणि १७४ जणांना शस्त्रक्रिया हवी असे सांगितले. राहिलेली २१५ मुले, ज्यांना 'गरज नाही' असे सांगितले होते, ती दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवली. त्यांनी त्यांतून ९९ निवडली. उरली ११६. ही दोनदा निर्दोष ठरलेली मुले तिसऱ्यांदा आणखी वेगळ्या डॉक्टरांसमोर उभी केली, तर त्यांनी ५१ जणांचे टॉन्सिल काढायला सांगितले. अखेरीस हजारांत ६५ मुले शिल्लक राहिली.

तिन्ही वेळचे प्रमाण वाचकांनी स्वतः काढून पाहावे. ते दर वेळी शेकडा ४५च्या आसपास येते. निवडून काढलेली मुले बाजूला झाली तरी प्रमाण घटत नाही. डॉक्टर घसा पाहत होते की मनातला आकडा, असे विचारावेसे वाटते. वर्गात प्रश्नपत्रिका कितीही सोपी असली तरी ठरावीक मुलेच नापास करणाऱ्या परीक्षकासारखे हे झाले. १९३८ मध्ये ग्लोव्हर यांनी इंग्लंडमधील शाळकरी मुलांची आकडेवारी मांडली. तेथेही एका जिल्ह्यातले शस्त्रक्रियांचे प्रमाण दुसऱ्याच्या कितीतरी पट होते, आणि रोगाच्या प्रमाणातल्या कोणत्याही फरकाने त्याचा उलगडा होत नव्हता. त्या काळी शस्त्रक्रियेचे कारण मुख्यतः वारंवार घसा धरणे हे होते, झोप नव्हे. पण धडा तोच. टॉन्सिल किती मोठा दिसतो एवढ्यावरून झोपेत काय घडते ते कळत नाही.

झोपेत काय घडते ते झोपेतच पाहिले पाहिजे, ही सोय पुढे झाली. १९७६ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड येथे गिलेमिनो आणि सहकाऱ्यांनी स्लीप ॲप्निया असलेल्या आठ मुलांच्या झोपेच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. शाळेतली घसरण, वागण्यातले बदल, सकाळची डोकेदुखी, पुन्हा सुरू झालेले अंथरूण ओले करणे या तक्रारी त्यांत आहेत. मेंदूचे विद्युत्‌तरंग, डोळ्यांच्या हालचाली, नाकातली हवा, छाती-पोटाची हालचाल, रक्तातला ऑक्सिजन हे सर्व रात्रभर एकत्र नोंदवणाऱ्या तपासणीला पॉलिसोम्नोग्राफी म्हणतात. निदानाची प्रमाण पद्धत आजही हीच आहे. पण तिला खास खोली, प्रशिक्षित माणूस आणि अख्खी रात्र लागते, त्यामुळे ती महाग आणि विरळ आहे.

आता गुणपत्रिकेकडे येऊ. 'गुण वाढतात' या विधानाचा बराचसा भार डेव्हिड गोझाल यांच्या १९९८च्या निबंधावर आहे. त्यांनी पहिलीच्या वर्गातील, गुणांनी सर्वांत खालच्या दहा टक्क्यांत असलेली २९७ मुले घेतली. घरी एक रात्र नोंद करून पाहिले तेव्हा ५४ मुलांत, म्हणजे शेकडा १८ मुलांत, झोपेत श्वसनाचा दोष आढळला. सर्वसाधारण मुलांतील प्रमाणाच्या मानाने हे कितीतरी जास्त. त्यांपैकी २४ मुलांवर शस्त्रक्रिया झाली. पुढच्या वर्षी त्यांच्या गुणांची सरासरी २.४३ वरून २.८७ वर गेली. उपचार न घेतलेल्यांची होती तेथेच राहिली.

निबंध महत्त्वाचा आहे, आम्ही त्याला कमी लेखत नाही. त्याने शाळेचे दार या विषयाला उघडून दिले. पण २४ मुले ही मुळात थोडी, आणि ती चिठ्ठ्या टाकून निवडलेली नव्हती. कोणी उपचार घ्यायचा हे आईवडिलांनी ठरवले होते. जे पालक सुचवल्याबरोबर मुलाला घेऊन इस्पितळ गाठतात ते त्याच्या अभ्यासाकडेही अधिक लक्ष पुरवीत असतील, ही शक्यता कोणताही शिक्षक मान्य करील. गुण शस्त्रक्रियेने वाढले की घराने वाढवले, हे अशा मांडणीतून सुटे करता येत नाही.

ते सुटे करण्याचा प्रयत्न पुढे झाला. 'चॅट' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन चाचणीत स्लीप ॲप्निया असलेली पाच ते नऊ वर्षांची ४६४ मुले होती. कोणावर लगेच शस्त्रक्रिया करायची आणि कोणाला सात महिने नुसते देखरेखीखाली ठेवायचे, हे यदृच्छेने ठरवले. रक्तातला ऑक्सिजन फार काळ खाली राहणारी मुले सुरक्षिततेसाठी वगळली होती. अवधान आणि कामाची आखणी मोजणाऱ्या चाचणीचे गुण शस्त्रक्रियेच्या गटात सरासरी ७.१ने वाढले. देखरेखीच्या गटात ते ५.१ने वाढले! दोन्ही गट पुढे गेले आणि त्यांच्यातला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. केवळ पहिला आकडा कोणी छापला असता तर तो केवढा यशस्वी वाटला असता. पेपर दुसऱ्यांदा सोडवला की थोडे अधिक गुण पडतात आणि मूल सात महिन्यांनी मोठेही होते, हे वर्गात आपण रोज पाहतो. तुलनेचा गट कशासाठी लागतो हे शिकवायला याहून चांगले उदाहरण आम्हाला माहीत नाही.

तर मग शस्त्रक्रिया निष्फळ ठरली का? मुळीच नाही. झोपेची तपासणी शस्त्रक्रियेच्या गटातल्या शेकडा ७९ मुलांत पूर्ववत झाली, दुसऱ्या गटात शेकडा ४६. (दुसरा आकडाही विसरू नये, जवळजवळ अर्धी मुले काही न करताच सुधारली.) घोरणे, अस्वस्थता, वागणे, एकंदर स्वास्थ्य या सर्वांत शस्त्रक्रियेचा गट पुढे होता. शिक्षकांनाही मुलांच्या वागण्याविषयी विचारले होते. एका मोजपट्टीवर त्यांना फरक जाणवला, दुसरीवर तो ठरण्याइतका नव्हता. पालकांना मात्र दोन्हींवर जाणवला. आपल्या मुलाचे ऑपरेशन झाले आहे हे त्यांना ठाऊक होते, एवढे लक्षात ठेवून हे वाचावे. २०२३ मध्ये सौम्य विकाराच्या सुमारे ४६० मुलांवरची दुसरी चाचणी आली. तिचा निष्कर्षही बहुतांशी असाच : वर्षभरानंतर अवधानात खास फरक नाही, पण लक्षणे, वागणूक, दिवसाची झोपाळूपणाची तक्रार आणि रक्तदाबसुद्धा सुधारलेला.

म्हणून आमचा आक्षेप उपचारावर नाही, त्याच्या जाहिरातीवर आहे. रात्रभर श्वासासाठी धडपडणाऱ्या मुलाला नीट झोप मिळावी, हे उपचाराला पुरेसे कारण आहे. त्याला गुणांचे आमिष जोडले की तीन ठिकाणी घोटाळा होतो. पहिला नंबर काढणारी मुलगी रात्री घामाघूम होऊन उठत असली तरी 'अभ्यासात हुशार आहे ना, मग कसली काळजी' म्हणून तिला कोणी दाखवत नाही. ज्याला खरीच गरज होती त्याचे गुण वाढले नाहीत तर उपचार वाया गेला असे ठरते, आणि दोष पुन्हा मुलाच्या माथी येतो. आणि जो केवळ गणितात कच्चा आहे त्याच्या घशाकडे उगाच लक्ष जाते. भूल आणि रक्तस्राव यांचा धोका थोडा असला तरी शून्य नाही.

राहिला ओळखण्याचा प्रश्न. रात्रभराची तपासणी सर्वांना शक्य नाही म्हणून प्रश्नावल्या आल्या. त्यांतली सर्वांत प्रसिद्ध मिशिगन विद्यापीठातील रोनाल्ड चर्विन यांची, २००० सालची. पालकांना २२ प्रश्न. साधारण आठ किंवा अधिक उत्तरे 'होय' आली तर संशय घ्यायचा. मूळ अभ्यासात विकार असलेल्या १०० मुलांपैकी ८५ तिने पकडली आणि नसलेल्या १०० पैकी ८७ बरोबर सोडून दिली. आकडे भारदस्त आहेत. पण हीच प्रश्नावली शाळेत वाटली तर काय होईल याचा हिशेब मुलांकडून फळ्यावर करून घ्यावा. शाळेत १००० मुले आणि त्यांत विकार असलेली ३० धरू. तीसपैकी पंचवीस-सव्वीस पकडली जातील. निरोगी ९७० पैकी शेकडा १३, म्हणजे १२६ मुलांवरही संशय येईल. एकूण दीडशे मुलांच्या घरी चिठ्ठी जाईल आणि खरे रुग्ण असतील सहांत एक! चूक प्रश्नावलीची नाही. ती पारखली होती ती निदान झालेली ५४ मुले आणि साध्या बालरुग्ण विभागातली १०८ मुले यांच्यावर. तेथे तीनांत एक रुग्ण होता. शाळेत तो तेहतिसांत एक आहे.

या प्रश्नावलीत दुसरी एक अडचण आहे, आणि तिच्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. बावीसपैकी सहा प्रश्न घोरण्याचे नाहीत, वागण्याचे आहेत : सांगितलेले ऐकत नाही, चुळबूळ करतो, मध्येच बोलतो, असे. चळवळ्या मुलाला या सहांसह तोंड उघडे टाकणे, सकाळी तोंड कोरडे पडणे अशा दोन गोष्टी जोडल्या की आठ भरले. मूल एकदाही घोरले नाही तरी चालेल. मग अशी प्रश्नावली वापरून 'झोपेतील श्वसनविकाराची मुले चंचल असतात' असे कोणी सिद्ध केले, तर ते आधी गृहीत धरलेलेच नव्हे काय? तिच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे. उपचाराने कोणत्या मुलाची लक्षणे कमी होतील हे सांगण्यात तिने महागड्या तपासणीपेक्षा सरस काम केले आहे. म्हणजे ती कामाची आहे, फक्त निदानाच्या कामाची नाही.

२०२०च्या साथीत घरोघरी ऑक्सिमीटर आले, तेव्हा तेच मुलाच्या बोटाला लावून पाहावे असे अनेकांना वाटते. मॉन्ट्रियलच्या ब्रूलेट यांनी २००० मध्ये ३४९ मुलांवर रात्रभराची अखंड ऑक्सिमीटर-नोंद पारखली होती. नोंद स्पष्टपणे बिघडलेली असेल तर १०० पैकी ९७ वेळा विकार खराच निघाला. पण ती तशी नसलेल्या मुलांतही जवळजवळ निम्म्यांना विकार होताच. याचे कारण श्वास अडला तरी मुलांचा ऑक्सिजन दर वेळी खाली येतोच असे नाही. घरचे उपकरण तर अशी नोंदही ठेवत नाही. त्यावर मध्यरात्री ९८ दिसले म्हणून निश्चिंत होऊ नये.

आपल्याकडे २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळांत येतात. त्यांच्या मूळ ३० बाबींच्या यादीत कानाचा दाह आहे, दम्यासारखे विकार आहेत, अध्ययन-अक्षमता आणि अतिचंचलतासुद्धा आहे. झोपेतला श्वास नाही. म्हणजे असे मूल यादीत सापडलेच तर अतिचंचल म्हणून सापडेल. त्या रकान्यात खूण करण्यापूर्वी 'रात्री घोरतो का?' हा एक प्रश्न आईला विचारण्यास खर्च काहीच नाही.

शिबिरातल्या बाईंना आज आम्ही सांगू ते असे. ऑपरेशनचा शब्द काढू नका, गुणांचाही नको. जे दिसते तेवढे लिहून द्या : नाक चोंदलेले नसतानाही तोंड उघडे राहते, सकाळच्या तासाला डोके दुखते म्हणतो, जेवणाच्या सुट्टीनंतर चिडतो. आईला विचारा की घोरणे सर्दीपुरते आहे की आठवड्यातून तीन रात्रींहून जास्त. श्वास मध्येच थांबून हुंदका दिल्यासारखा परत सुरू होतो का. मान मागे टाकून झोपतो का. सुटलेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू झाले का. शक्य असेल तर मोबाइलवर दोन-तीन मिनिटे चित्रण करायला सांगा, पण झोप लागल्या लागल्या नव्हे, पहाटे. मुलांचा श्वास सर्वांत जास्त अडतो तो स्वप्नांच्या झोपेत, आणि ही झोप रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते. दहा वाजता डोकावून 'शांत झोपलाय' म्हणणाऱ्या आईने खोटे सांगितलेले नसते. हे सारे कागदावर घेऊन ती नाक-कान-घसा तज्ज्ञांकडे किंवा बालरोगतज्ज्ञांकडे गेली, तर घशात पाहण्याआधीच त्यांना निम्मी माहिती मिळते. आणि शस्त्रक्रिया झालीच, तर दोन-तीन महिन्यांनी तेच प्रश्न पुन्हा विचारा, मूल लठ्ठ असेल तर आवर्जून. 'चॅट'मध्ये शस्त्रक्रियेच्या गटातल्या पाचांपैकी एका मुलाची तपासणी नंतरही पूर्ववत झालेली नव्हती.